महुआरीचं भूमिपूजन

मार्गशीर्ष शुद्ध ११, शके १९३९. ब्रह्माघाट, काशी.

एकादशीचं पोट रिकामं, पण मन अगदी खूश. सकाळी दुर्गाघाटाच्या गल्लीतून विचारत विचारत एक गृहस्थ आले आणि दारात हात जोडून म्हणाले, "नमस्कार गुरुजी. मी श्रीनिवास खांबेटे, मूळचा चिपळूणचा." अहाहा! असं निखळ मराठी दारात ऐकून किती दिवस झाले! आमच्या घरात मराठी आहे म्हणायचं, पण चौथ्या वाक्याला हिंदी घुसतेच. लेक अन्नू तर ऑफिसातून आली की तासभर हिंदीतच असते. मीही काही कमी नाही म्हणा.

खांबेटे जमिनीखालचा वायू शोधणाऱ्या एका कंपनीत आहेत. महुआरी गावात, इथून तासाभराच्या वाटेवर, त्यांना विहीर खणायची आहे. पाण्याची नव्हे, वायूची. कोसभर खाली जाते म्हणाले. धनुर्मास लागण्याआधी भूमिपूजन व्हायला हवं, कारण एकदा धनुर्मास लागला की संक्रांतीपर्यंत मुहूर्तच नाही. "इथले पंडित अर्ध्या तासात उरकतात, गुरुजी. मला यथासांग हवंय. महाराष्ट्रीय वैदिकाच्या हातून हवंय."

मी होकार दिला. महुआरीची ग्रामपंचायत अधिकारी माझीच मुलगी आहे, हेही जरा ऐटीत सांगितलं. "असं? मला कल्पनाच नव्हती," म्हणाले. जाताना भाजणीची पुडी ठेवून गेले, आईच्या हातची. फार सुसंस्कृत माणूस.

ते गेल्यावर पद्मा म्हणाली, "अहो, तुम्हाला कुणी 'यथासांग' म्हटलं की झालंच. चढलात हरभऱ्याच्या झाडावर." बायकांना वेदविद्येचं कौतुक असं कधी वाटायचंच नाही.

मार्गशीर्ष शुद्ध १२.

पारणं गोड लागलं नाही. भूमिपूजनाचं सांगितलं तर अन्नूने हातातला घास ताटात ठेवला.

"आप्पा, अभी तो सभा भी नहीं हुई! सव्वीस जानेवारीला गावाची खुली बैठक आहे. ती जमीन ग्रामसमाजाची आहे, तळ्याच्या काठची. गावाने ठराव केल्याशिवाय तिथे खुंटीसुद्धा ठोकता येत नाही."

मी म्हटलं, सभा सभेच्या जागी, पूजा पूजेच्या जागी. देवाला कधीपासून एन.ओ.सी. लागायला लागली?

मग तिने मला लहान मुलासारखं समजावलं. वायू खडकात अडकलेला असतो. तो सुटावा म्हणून पाण्यात औषधं कालवून प्रचंड दाबाने खाली घालतात आणि खडकाला भेगा पाडतात. ते पाणी घाण होऊन परत वर येतं. ते साठवायच्या खड्ड्याला खालून जाड अस्तर हवं, नाहीतर ते झिरपून विहिरींत उतरतं. काम सुरू होण्याआधी गावच्या सगळ्या विहिरींचं पाणी तपासून ठेवायचं, पुढेही दर महिन्याला तपासायचं, खर्च कंपनीचा. औषधं कोणती ते आधी सांगायचं. या अटींवरच परवानगी द्या, हे ती गावाला सांगणार आहे. गावाच्या हातात तेवढीच एक गोष्ट आहे म्हणाली. वरचे कागद वरच होतात.

"अटी चांगल्या आहेत की मग," मी म्हटलं. "घाल."

"आधी पूजा झाली तर लोकांना वाटेल, सब हो गया. तुम्ही नका जाऊ, आप्पा."

शब्द दिला आहे. वैदिकाने शब्द फिरवायचा म्हणजे काय खेळ आहे?

मार्गशीर्ष वद्य ५.

भूमिपूजन उत्तम झालं. हातपाय दुखताहेत, तरी लिहूनच उठतो.

महुआरी छान गाव आहे. तळं, त्याच्या काठी महुए, आपल्याकडचे मोह, पलीकडे मोहरी पिवळी झालेली. शंभरेक माणसं जमली होती. यजमान म्हणून खांबेट्यांनी गावातल्या सर्वांत वडीलधाऱ्या दीनानाथला बसवलं. दीनानाथ आधी प्रधान, म्हणजे सरपंच, होता, त्याचा शब्द गाव मोडत नाही म्हणतात. हात थरथरतात, पण पाठ ताठ.

वास्तुपूजन, नवग्रह, सगळं सांगोपांग केलं. मग खांबेटे कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, गावाच्या हातून भूमिदानाचाही संकल्प घालता येईल का? म्हणजे कसं पूर्ण होईल." यांना हे सुचावं याचंच मला नवल वाटलं. आजकालच्या माणसांना संकल्प म्हणजे काय तेही ठाऊक नसतं. म्हटलं, येईल की!

हातात दर्भ, अक्षता आणि पाणी घेतल्यावर दीनानाथ अडला. "गुरुजी, ई त पूरे गाँव के जमीन ह. हम अकेले कइसे?" खांबेटे म्हणाले, तुम्ही मोठे आहात, सगळ्यांच्या वतीने द्या. त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली. "ज्येष्ठाने सर्वांसाठी करावं." त्याने देशकालाचा उच्चार माझ्यामागे स्पष्ट केला, 'न मम' म्हणाला आणि उदक सोडलं. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. अशी श्रद्धा आता शहरात कुठे राहिली!

अन्नू आली नव्हती. तिचं तिकडे बीडीओ ऑफिसात काहीतरी काम निघालं.

पौष वद्य १३. संक्रांत.

अन्नूला तिळगूळ दिला. घेतला, पण गोड बोलणं काही झालं नाही. या कडाक्याच्या धुक्यात रोज स्कूटीवरून महुआरीला जाते. दारोदार बसून बायकांना त्या अटी समजावते. नाक लाल, घसा बसलेला. पद्माने काढा करून दिला तर अर्धा तसाच टाकून निघून गेली. म्हटलं, सरकारी नोकरीत एवढं जीव तोडून कोण करतं? तर म्हणाली, "आप्पा, भेगा पडल्यावर मला काही करता येणार नाही. आत्ताच येतं."

पोरीचा हट्टीपणा आईकडून आला आहे.

माघ शुद्ध ९. सव्वीस जानेवारी.

खांबेट्यांनी गाडी पाठवली होती. म्हणाले, आपण पूजा केलीत, गावाला आपलं दर्शन व्हावं. झेंडावंदन झालं, जिलबी वाटली, मग शाळेच्या पटांगणात गावाची बैठक. मला खुर्ची दिली, बाकी सगळे सतरंजीवर. अन्नू समोर टेबलाशी. तिने अटी वाचल्या. खरं सांगायचं तर छान वाचल्या, शुद्ध हिंदीत, न अडखळता. खड्ड्याचं अस्तर, विहिरींची तपासणी, औषधांची माहिती. लोक माना डोलवत होते. पदर ओढून बसलेल्या बायकाही मागून "ठीक बा, ठीक बा" म्हणत होत्या. एक क्षण मला अभिमान वाटला.

मग खांबेटे दीनानाथच्या शेजारी जाऊन बसले, काहीतरी बोलले. दीनानाथ काठी टेकत उभा राहिला. म्हणाला, बिटिया जे सांगते ते खरं असेल. पण आम्ही जमीन हातावर पाणी घेऊन दिली आहे. मुलीचंही दान असंच करतो. कन्यादान झाल्यावर कुणी व्याह्याला अटी घालतं का? आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "गुरुजी बइठल बानीं. गुरुजी बतावें. पानी छोड़ के दिहल चीज पर सरत लगेला?"

सगळं पटांगण माझ्याकडे पाहू लागलं.

मी सांगितलं की उदक सोडून दिलेलं दान परत घेता येत नाही आणि मागाहून त्याला अट लावता येत नाही. दोन श्लोक म्हटले, अर्थ सांगितला. आवाज अजून चांगला लागतो माझा, माइकशिवाय शेवटपर्यंत पोचला. मग हात वर झाले आणि परवानगी मंजूर झाली. विनाअट.

अन्नू खाली मान घालून ठराव लिहीत होती. गाडीतून चल म्हटलं, तर स्कूटी आहे म्हणाली.

विचारलेला प्रश्न शास्त्राचा होता. उत्तर शास्त्राचं दिलं. यात माझं काय चुकलं, ते मला कुणीतरी सांगावं.

माघ शुद्ध १०.

सकाळी विचारलं, रागावलीस का? म्हणाली, "नहीं, आपने ठीक ही कहा होगा." आप! जन्मात कधी मला 'आप' म्हणाली नव्हती. आपल्या घरात 'तुम्ही' असतं, 'आप' बाहेरच्यांना असतं.

संध्याकाळी दिवा लावताना पद्मा म्हणाली, "हाच प्रश्न त्या म्हाताऱ्याऐवजी पोरीने विचारला असता, तर एवढ्या खणखणीत आवाजात सांगितलं असतंत का?" मी म्हटलं, शास्त्र माणूस बघून बदलत नाही. ती बरं म्हणाली आणि पोळ्या लाटायला गेली. तिचं 'बरं' भारी वाईट असतं.

वैशाख शुद्ध ३, शके १९४०.

अक्षय्य तृतीया. आंब्याचा रस केला होता, म्हणून खांबेट्यांना जेवायला बोलवायला फोन लावला. सणाच्या दिवशी बिचारा एकटा. खूप वेळाने उचलला. "कौन?" मी मराठीत सांगितलं, ब्रह्माघाटावरून बोलतोय. "हां हां... गुरुजी. मी आता राजस्थानात आहे. मीटिंगमध्ये आहे, करतो नंतर." आवाज तोच, पण माणूस कुणीतरी दुसराच वाटला.

नंतर म्हणजे संध्याकाळपर्यंत तरी फोन आला नाही. रस उरला. पद्मा काही बोलली नाही, याबद्दल तिचे उपकार.

वैशाख वद्य ४.

आज अन्नू घरी आली ती सरळ न्हाणीत. कपड्यांना कसला तरी रॉकेलसारखा वास. महुआरीत होती दिवसभर.

भेगा पाडायचं काम चैत्रातच उरकलं. वर आलेलं घाण पाणी तळ्याशेजारच्या खड्ड्यात भरलं, अस्तर नाही. आता तळ्याकाठच्या विहिरींचं पाणी खारट लागतं, वर तेलकट तवंग येतो. म्हशी तोंड लावत नाहीत. दीनानाथच्या सुनेच्या हातांवर पुरळ उठलं आहे. अन्नूने बाटल्या भरून तपासायला पाठवल्या. पाणी खराब आहे, हे लिहून आलं. पण वरचे साहेब म्हणाले, आधी कसं होतं ते दाखवा. आधीची तपासणी कुठे आहे? ठरावात तशी अट तर नाही.

"नाहीच आहे," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, ताटाकडे बघून.

मी म्हटलं, उन्हाळ्यात पाणी खाली जातं, खारट होतंच कधी कधी. असं का म्हटलं कोण जाणे.

आषाढ शुद्ध ६.

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो.

सकाळी पाठशाळेत दानाचं प्रकरण होतं. दरवर्षी याच दिवसांत शिकवतो, पाठ आहे. डोळे मिटून सांगत होतो, कोणत्या वस्तू दान देताच येत नाहीत. दुसऱ्याची ठेव, मागून आणलेली वस्तू, गहाण ठेवलेली वस्तू आणि साधारण. साधारण म्हणजे सामाईक, सर्वांची मिळून असलेली. तिच्यातल्या एकट्याने ती दिली तरी ती दिली जात नाही. इथे मी डोळे उघडले. पुढे तिथेच आहे, फसवून देववलेलं दान दान नव्हे. तेही मला पाठ आहे. त्यावर मी परीक्षेत प्रश्न काढतो!

विद्यार्थ्यांना सुट्टी दिली आणि घाटाच्या पायरीवर जाऊन बसलो.

"ई त पूरे गाँव के जमीन ह." दीनानाथने मला हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, हातात पाणी धरून. कधी शाळेत न गेलेल्या त्या माणसाला बरोबर शंका आली आणि मी मान डोलावली. शास्त्र पहिल्यापासून अन्नूच्या बाजूने होतं. ते तिच्या बाजूने आहे हे सांगू शकणारा त्या पटांगणात मी एकटाच होतो, खुर्चीवर.

त्या दिवशी ते आठवलं नाही, असं लिहिणार होतो. पण इथेही खोटं लिहिलं तर मग कुठे खरं लिहू? मी आठवायचा प्रयत्नच केला नाही. शंभर माणसं गप्प होऊन ऐकत होती. जे ऐकायला भारदस्त वाटेल, ते तोंडाला आलं आणि मी म्हणून टाकलं. समोर पोटची पोर बसली होती, घसा बसलेला, आणि मी आवाज कसा लागतोय ते बघत होतो.

थू: माझ्या विद्वत्तेवर.

आषाढ शुद्ध ८.

दोन दिवस धीर झाला नाही. आज अन्नूला सगळं सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. भडकली असती तर बरं झालं असतं. शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे लिहिलेलं आहे, आप्पा? पक्कं?"

"पक्कं."

बराच वेळ चटईच्या काड्या मोडत बसली. मग म्हणाली, कंपनीला तळ्याच्या दुसऱ्या काठी आणखी एक विहीर खणायची आहे. दोन ऑक्टोबरला सभा आहे. अटी ती पुन्हा मांडणार आहे. "तेव्हा उभे राहून सांगाल? जे चुकलं तेही?"

हो म्हटलं. ती मराठीत बोलत होती, हे मला नंतर लक्षात आलं.

भाद्रपद वद्य ७.

पितृपक्ष. घाटावर पाय ठेवायला जागा नाही. उद्या अष्टमीला नागपूरचे जुने यजमान येणार होते, वडिलांपासूनचे. त्यांना दुसऱ्या गुरुजींकडे पाठवलं. का म्हणून विचारलं, तर गावाला जायचंय एवढंच सांगितलं. पद्माने न सांगता धोतर-उपरणं धुऊन ठेवलं आहे. उद्या काय बोलायचं ते दिवसभर मनात घोळवतोय. या वेळी श्लोक म्हणणार नाही.

भाद्रपद वद्य ८. दोन ऑक्टोबर.

अन्नूच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. सभा तिथेच, शाळेच्या पटांगणात. मला पुन्हा खुर्ची दिली. मी सतरंजीवर बसलो.

अन्नूने अटी वाचल्या, त्याच, शिवाय विहिरी साफ करून द्यायची एक जास्त. मग मी उठलो. आवाज लागला नाही, पण सांगितलं. जमीन सगळ्यांची होती, ती एकट्याने देता येत नव्हती, ते दान झालंच नाही. हे शास्त्रात आहे, मला माहीत होतं आणि मी उलट सांगितलं. चूक दीनानाथची नाही, माझी आहे. तुम्ही कशालाही बांधलेले नाही, हव्या तेवढ्या अटी घाला. हात जोडले आणि तसाच उभा राहिलो.

कुणी हसलं नाही, कुणी रागावलं नाही. दीनानाथ काठी टेकत उठला. फार थकला आहे.

"त ओह दिन काहे ना बोललीं, गुरुजी?"

मग त्या दिवशी का नाही बोललात. एवढंच. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. एवढा शिकलेला माणूस माहीत असून का बोलला नाही, ते त्याला कळत नव्हतं. मी खाली बसलो.

खांबेट्यांच्या जागी आलेला तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला, अटींचा विचार वरचं ऑफिस करेल, त्याला वर्षही लागेल. तोवर काम बंद. काम बंद म्हणजे कंपनीचा पाण्याचा टँकरही बंद; विहिरी बिघडल्यापासून गाव त्याच्यावरच आहे आणि तो कामापोटीच येतो. टँकर शाळेच्या फाटकाशीच उभा होता. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. जानेवारीत "ठीक बा" म्हणणाऱ्या बायकांनी अन्नूची नजर चुकवली. त्यांना रोज भांडी घेऊन त्याच्यामागे उभं राहावं लागतं, त्यांना काय म्हणणार? हात वर झाले. विनाअट मंजूर. दीनानाथचा हात सगळ्यांत शेवटी वर झाला.

अन्नूने ठराव लिहिला, वाचून दाखवला, सह्या घेतल्या. माझं बोलणं तिने त्यात लिहिलं आहे का, ते विचारायची मला हिंमत झाली नाही.

निघताना दीनानाथने थांबवलं. आज त्याच्या वडिलांची तिथी. सकाळपासून सभेत अडकला, तर्पण राहिलंय. विहिरीचं पाणी तर असं झालंय. गंगेवर जायला आता पायात बळ नाही. हळू आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये असं विचारलं, "गुरुजी, टंकी के पानी से बाबू के तरपन होई?"

होईल म्हणालो. लगेच म्हणालो. शास्त्रात काय आहे, ते मी आठवून पाहिलं नाही आणि घरी येऊनही पाहिलेलं नाही.

त्याने मान हलवली आणि लोटा घेऊन बायकांच्या मागे टँकरच्या रांगेत जाऊन उभा राहिला.